सगळा दोष रुग्णाच्याच माथी?

संपादक महोदय,

हृदयरुग्ण बेफिकिरीने गोळ्या सोडतात, हा आपल्या अंकातील लेखाचा सूर एकांगी आहे.

औषधे स्वस्त आहेत, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही, असे लेखक म्हणतात. अ‍ॅस्पिरिन स्वस्त आहे खरी. पण चिठ्ठीवर ती एकटी नसते. स्टेंटच्या किमतींवर 2017 मध्ये मर्यादा आली, जन्मभराच्या गोळ्या मात्र बहुतेकांना खिशातूनच घ्याव्या लागतात. 17 देशांतील ‘प्युअर’ पाहणीत (2011) भारतासह अल्प उत्पन्नाच्या देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांपैकी सुमारे 80 टक्के लोक एकही सिद्ध औषध घेत नव्हते. श्रीमंत देशांत हे प्रमाण सुमारे 11 टक्के होते. तिथली माणसे जन्मतःच शिस्तीची असतात काय?

दुसरा मुद्दा समजुतीचा. ‘ब्लॉक काढला, आता बरा झालो,’ असे औषधाच्या दुकानात वर्षानुवर्षे ऐकत आलो. स्टेंट एक जागा मोकळी करतो, रक्तवाहिन्यांचा आजार राहतोच. आणि गुठळी रोखणारी क्लोपिडोग्रेल ही गोळी मध्येच थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा म्हणून हृदयतज्ज्ञांना न विचारता ती बंद करणारेही पाहिले. हे सांगायचे कोणी? डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, डॉक्टर घाईत!

अर्जुनाच्या सालीवर विसंबून गोळ्या टाकणारे आहेत, एवढेच मान्य.

रुग्णाला दटावण्याआधी प्रत्येक रुग्णालयाने कोणती गोळी कशासाठी आणि किती काळ, हे मराठीत लिहून द्यावे.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, सांगली