वाळवी उडाली, दिवस मोजा!

मृगाच्या सरी पडून गेल्या, अंगणातल्या मातीचा वास घरात आला, की बेळगाव-खानापूरकडच्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. यंदा अळंबी कधी येणार? प्रश्न एकच असला, तरी उत्तरे दोन भाषांत मिळतात. मराठी आजी म्हणते, "पुनर्वसू लागू दे, मग बघ." कन्नड अज्जी म्हणते, "पुनर्वसु मळे बरली," म्हणजे पुनर्वसूचा पाऊस येऊ दे. दोघींचे पंचांग एकच!

या भाजीच्या नावांतही अशीच गंमत आहे. आपण अळंबी म्हणतो, गोव्यात अळमी म्हणतात, कन्नडमध्ये ती अणबे. खायच्या कामाची नसलेली, उकिरड्यावर उगवणारी छत्री आपल्याकडे 'कुत्र्याची छत्री', तर कन्नडमध्ये 'नायिकोडे'. नायि म्हणजे कुत्रा, कोडे म्हणजे छत्री. दोन्ही भाषांनी ही छत्री कुत्र्याच्याच डोक्यावर धरली आहे. कुणी कुणाकडून घेतले हा वाद पंडितांसाठी सोडून देऊ. आज बोलायचे आहे ते वारुळावरच्या अळंबीविषयी आणि ती कधी उगवणार हे ओळखता येते का, याविषयी.

बाजारात पिशवीत बारा महिने मिळणारे बटण मशरूम हा वेगळा प्रकार. ते शेडमध्ये पिकवतात. वारुळावरच्या अळंबीची अशी शेती माणसाला आजवर जमलेली नाही. त्यामुळे तिची वाट पाहावी लागते आणि वाट पाहायची म्हटली की अंदाज आला.

आपल्या वाडवडिलांचा अंदाज नक्षत्रांवर चालतो. मृग साधारण ७-८ जूनला लागते, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस ५-६ जुलैला, पुष्य म्हणजे म्हातारा १९-२० जुलैला आणि आश्लेषा ऑगस्टच्या सुरुवातीला. ही नक्षत्रे सूर्यावरून मोजली जातात, म्हणून तिथी मागे-पुढे झाल्या तरी इंग्रजी तारखा दरवर्षी जवळपास त्याच राहतात. तरण्यापासून आश्लेषापर्यंत अळंबीचे दिवस, असा जाणत्यांचा ठोकताळा. तो चुकीचा नाही, पण त्यात एक अडचण आहे. सूर्य वेळेवर येतो, पाऊस येत नाही.

अलीकडचीच दोन वर्षे पाहा. २०२३ मध्ये मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोचला आणि मुंबईला यायला २५ जून उजाडला. २०२५ मध्ये तोच केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला हजर! मुंबईपुरते बोलायचे तर महिन्याचा फरक, म्हणजे दोन नक्षत्रांहून अधिक. पंचांगातला पुनर्वसू मात्र दोन्ही वर्षी त्याच तारखेला लागला. मग नुसत्या तारखेवर विसंबून टोपली घेऊन निघणाऱ्याने काय करावे?

शिवाय आपला जिल्हाही एकसारखा नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला बेळगाव शहराच्या कित्येक पट पाऊस पडतो आणि पूर्वेला अथणीकडे जावे तसतसे आभाळ कोरडे होत जाते. जांबोटीच्या पाहुण्यांनी "आमच्याकडं आली की!" असा फोन केला, म्हणून गोकाकच्या माळावर ती त्याच दिवशी सापडेल असे नाही.

तारखेपेक्षा चांगली खूण हवी असेल तर वारुळाच्या पोटात डोकवावे लागेल. वारूळ, म्हणजे कन्नडमधला हुत्त, आपण नागाचे घर मानतो. बांधतात मात्र त्याला वाळवी, म्हणजे गेद्दलु. नाग तिथे आयता राहायला येतो. या वाळवीला वाळकी लाकडे, पालापाचोळा नीट पचत नाही. म्हणून ती काय करते? खाल्लेला पाला अर्धवट पचवून त्याचे स्पंजासारखे, घड्या पडलेले पोळे वारुळातल्या खोल्यांत रचते आणि त्यावर एक बुरशी वाढवते. बुरशी तो चोथा मऊ करते, त्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे धरते आणि वाळवी ते दाणे व मुरलेले पोळे खाते. ही शेतीच म्हणायची! माणूस शेती करायला लागून दहा-बारा हजार वर्षे झाली असतील. वाळवीची शेती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे शास्त्रज्ञ मानतात.

याच बुरशीचे फळ म्हणजे आपली अळंबी. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस, म्हणजे वाळवीची बुरशी. पोळ्यापासून निघालेला तिचा देठ मुळासारखा लांब होत, माती भेदत वर येतो. टोपीच्या मध्यभागी जे कठीण टोक दिसते ती तिची पहार. उपटताना देठ संपता संपत नाही, त्याचे कारण हेच. त्याचे दुसरे टोक खाली वाळवीच्या कोठारात असते.

आता मुद्द्याचे. पहिल्या-दुसऱ्या जोरदार पावसानंतर एखाद्या संध्याकाळी घरातल्या ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. आपण दिवा मालवतो, ताटावर ताट झाकतो आणि सकाळी केरसुणीने पंखांचे ढीग लोटतो. ती असते वाळवीची वरात. जुन्या वारुळांतून तरुण नर-माद्या बाहेर पडतात, पंख टाकतात, जोडी जमवतात आणि जमिनीत शिरून नवा संसार थाटतात. पण बहुतेक जातींत या नव्या जोडप्याजवळ बुरशीचे बियाणे नसते. माहेराहून काहीच आणलेले नसते म्हणा ना! अंडी घातली जातात, पिल्ले वाढतात आणि काही आठवड्यांनी नव्या घरातले पहिले कामकरी पाला शोधायला बाहेर पडतात. त्यांना बियाणे तेव्हा, बाहेरच्या मातीतून मिळायला हवे.

आणि नेमक्या त्याच सुमाराला जुन्या वारुळांवर अळंबी उगवते, उमलते आणि तिचे धुळीसारखे बीजकण आजूबाजूच्या पाल्यावर पडतात. नवे कामकरी पाल्याबरोबर ते घरी नेतात आणि नवी शेती सुरू होते. वाळवीचे उड्डाण आणि अळंबीचे उगवणे यांचा हा मेळ आफ्रिकेतल्या अभ्यासांत दिसून आला आहे. आपल्याकडे वाळवी जूनमध्ये उडते आणि अळंबी जुलै-ऑगस्टमध्ये येते, हा क्रमही त्याच्याशी जुळतो.

म्हणून सांगणे एवढेच, की दिवस मोजायचे तर कॅलेंडरच्या तारखेपासून मोजू नका, वाळवी उडाली त्या रात्रीपासून मोजा. वाळवी लवकर उडाली तर अळंबीही लवकर येण्याची शक्यता अधिक. वाळवीच्या जाती अनेक, म्हणून हा काळ सगळीकडे सारखा नसतो. कुठे दीड महिना, कुठे त्याहून जास्त. तांदूळ सांडल्यासारखी बारीक, शेकड्यांनी उगवणारी अळंबी तर वेगळ्याच नियमाने येते. वाळवीने जुन्या पोळ्याचे तुकडे वर आणून टाकले की त्यावर ती फुलते. पण एका ठिकाणचे वारूळ आणि त्याची वाळवी तीच असते. म्हणून एका वारुळाचा हिशेब एकदा लागला, की तो पुढेही कामी येतो.

दुसरी खूण पावसाची. माती खोलवर भिजायला हवी, त्यासाठी झड हवी. पण अळंबी दिसते ती बहुधा झड थांबून उघडीप पडते तेव्हा. रात्री पाऊस, सकाळी कोवळे ऊन आणि हवेत उबारा, अशा दिवशी जाणते लोक पहाटेच बाहेर पडतात. दुपारपर्यंत टोप्या उमलून फाटतात, किडे लागतात.

तिसरी खूण गडगडाटाची. आभाळ गरजले की अळंबी येते, हा समज आपल्याकडे आहे तसा जगात इतरत्रही आहे. जपानमधील इवाते विद्यापीठात शिताके नावाच्या अळंबीच्या ओंडक्यांना कृत्रिम विजेचे झटके देऊन पाहिले, तेव्हा पीक वाढलेले दिसले. पण शिताके लाकडावर वाढते, आपली वारुळात. म्हणून या प्रयोगावरून आपल्या अळंबीचे काही सिद्ध होत नाही. गडगडाटामागून पाऊस येतो, एवढे मात्र खरे.

हिमाचल-काश्मिरातल्या गुच्छीचा हिशेब याच्या उलट आहे. ती वसंतात, बर्फ वितळल्यावर येते. तिकडे पाहायची ती मातीची ऊब. तिची भावंडे शोधणारे अमेरिकेतले हौशी लोक तर मातीत थर्मामीटर खुपसतात आणि साधारण १० अंश सेल्सियस झाले की जंगलात शिरतात. आपल्या मातीला उबेची कमतरता कधीच नसते. आपल्याला वाट पाहायची ती ओलीची आणि वाळवीची.

जागेचा अंदाज मात्र सोपा आहे. ज्या वारुळावर गेल्या वर्षी आली, तिथेच यंदा येते. म्हणून तर घराघरांत जागा गुपित ठेवतात. बाजारात एखाद्या मावशीला विचारून पाहा, "मावशी, कुठनं आणलासा?" उत्तर ठरलेले, "रानातनं की ओ!" त्यापुढे अक्षर नाही.

पण गुपित राखणारी माणसे एक गोष्ट पाळत असत, ती आता सुटत चालली आहे. दर चांगला मिळतो म्हणून कळ्या असतानाच सगळी अळंबी उपटली जाते, एकही उमलू दिली जात नाही. वर सांगितलेला हिशेब आठवा. अळंबी उमललीच नाही, तर बीजकण पडणार कुठून आणि नव्या वारुळांना बियाणे मिळणार कुठून? जुने वारूळ काही वर्षे देत राहील, पण त्याची जागा घेणारे नवे तयार होणार नाही. त्यातून खणताना कुदळ पोळ्यापर्यंत गेली, की पुढच्या वर्षाची आशाही संपली. म्हणून खणू नका, हाताने अलगद काढा आणि प्रत्येक वारुळावर थोडी उमलायला सोडा. अभयारण्यातून काहीही काढणे कायद्याने मना आहे. आपल्या खानापूर तालुक्यातले भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, हे ध्यानात असू द्या.

नागपंचमीला आपण वारुळाला दूध वाहतो. कन्नड घरांतही हुत्ताला हालु घालतात. गोव्यात तर वारूळ हेच सातेरीचे रूप. त्या दिवशी चिरू नये, तवा चढवू नये, जमीन खणू नये, असे जुनी माणसे सांगतात. नागपंचमी येते नेमकी अळंबीच्या दिवसांत. हा नियम अळंबीसाठी केला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, पण वर्षातला एक दिवस तरी वारुळाला कुदळ लागत नाही, हेही थोडके नव्हे.

आता एक काळजीची गोष्ट, आणि ती घरातल्या प्रत्येकाने वाचावी. चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळी झाली नाही, किड्यांनी खाल्लेली आहे, म्हणजे अळंबी चांगली, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. घातक अळंबी या साऱ्यांत पास होते. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये रानातली विषारी अळंबी खाऊन १३ जण दगावले. सर्वांत घातक विषाची लक्षणे सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतात. उलट्या-जुलाब होऊन मध्ये बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. म्हणून "आता बरं वाटतंय" यावर थांबू नका. तत्काळ दवाखाना गाठा आणि उरलेली अळंबी सोबत न्या. टोपीवरचे टोक, लांब देठ या खुणा मी वर सांगितल्या त्या ओळख व्हावी म्हणून, खाण्याची खात्री म्हणून नव्हे. वर्षानुवर्षे ओळखणारे माणूस सोबत नसेल, तर न खाल्लेली बरी.

खात्रीची मिळाली, तर मग काय विचारता! श्रावणात मांस-मासळी बंद असते, तेव्हा भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातला अळंबीचा रस्सा आणि भाकरी. गोव्याकडचे तोणाक करा, नाहीतर जोंधळ्याच्या रोट्टीबरोबर अणबे पल्य करा. चूल एकच, चव दोन घरांची.

शेवटी एक काम सुचवते. घरातल्या मुलांना एक वही द्या. तीन रकाने पाडायला सांगा. दिव्यावर वाळवी आली ती तारीख, पहिली झड थांबली ती तारीख आणि पहिली अळंबी दिसली ती तारीख. एका बाजूला मराठीत लिहू दे, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. पाच पावसाळ्यांनी तुमच्या घरचे स्वतःचे पंचांग तयार होईल, आणि ते तुमच्याच शिवारातल्या पावसाचे असेल. वारुळाची जागा मात्र वहीत लिहू नका. ती आजीने कानात सांगायची.