कच्चं लिंबू आणि दुसरा रिमोट



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय. पालकसभेत दरवेळी एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, गेम पूर्ण बंदच करावेत का?" मी दरवेळी वेळेचं बंधन, डोळे, झोप वगैरे ठरलेलं उत्तर देते. ते उत्तर चुकीचं नाही. पण या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याच घरात असं काही घडलं, की एका व्हिडिओ गेमकडून मी माझ्या वर्गासाठी काहीतरी उचललं. हे वाचून काहीजण नाक मुरडतील, मुरडू देत.

माझा दादा काही वर्षं अमेरिकेत होता. परत येताना सामानात एक जुना वी नावाचा गेमचा डबा घेऊन आला. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा, २००६ साली बाजारात आलेला. तिकडचा असल्यामुळे ११० व्होल्टवाला, म्हणून आधी कन्व्हर्टर शोधण्यात एक दिवस गेला. सोबत गेम एकच होता, सुपर मारिओ गॅलेक्सी, २००७ सालचा. माझा भाचा सहावीत आणि माझी मुलगी पहिलीत. आता पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. भाचा खेळणार, मुलगी रडणार.

घरात मोठ्या भावंडांची एक जुनी युक्ती असते. धाकट्याच्या हातात न जोडलेला रिमोट द्यायचा आणि सांगायचं, तू पण खेळतोयस बरं का. धाकटं बिचारं बटणं दाबत बसतं. भाच्याने अगदी तेच केलं. मला ते कळलं तेव्हा हसू आलं, पण नंतर वाईटही वाटलं, कारण मुलीला ते दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. ती बोलली नाही, नुसती रिमोट ठेवून उठून गेली.

आपल्याकडे गल्लीतल्या खेळात कच्चं लिंबू असतं. लंगडी, लपाछपी, काहीही खेळा. लहान मुलाला खेळात घ्यायचं, पण तो आऊट झाला तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य नाही. ही आपली फार माणुसकीची पद्धत आहे असं मला लहानपणापासून वाटतं. पण तिच्यात एक बोचरी गोष्टही आहे. कच्च्या लिंबाला चांगलं माहीत असतं की आपण कच्चं लिंबू आहोत.

तर झालं असं, की दादाने सांगितलं, अरे, या गेममध्ये दुसरा रिमोट खरंच चालतो. आणि चालला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्लॅटफॉर्म गेम म्हणजे एका पात्राने उड्या मारत, खड्डे चुकवत पुढे जायचं. या गेममध्ये मारिओ छोट्या छोट्या गोल ग्रहांवर धावतो, कधी उलटाही लटकतो. डाव्या हातातल्या नंचक नावाच्या तुकड्याने त्याला चालवायचं. उजव्या हातातला रिमोट टीव्हीकडे रोखला की पडद्यावर एक छोटा तारा दिसतो. हात हलेल तसा तो तारा हलतो. वाटेत रंगीबेरंगी खडे विखुरलेले असतात (आमच्या घरात त्यांचं नाव खडीसाखर पडलं), त्यांच्यावरून तारा नुसता फिरवला की ते गोळा होतात. पन्नास जमले की मारिओला एक जीव जास्त मिळतो. काही जागी एक भुकेलं तारकाबाळ असतं, त्याला ठरावीक खडे खाऊ घातले की पुढचा रस्ता उघडतो. काही निळे तारे असतात, त्यांच्यावर रोखून बटण दाबून धरलं की मारिओ तिकडे ओढला जातो.

म्हणजे एकटा खेळणाऱ्याचा डावा हात एक काम करतो आणि उजवा दुसरंच. हे वाटतं तितकं सोपं नाही. पट्टी डाव्या हाताने घट्ट धरायची आणि उजव्याने रेघ ओढायची, हे दुसरीच्या मुलांना किती जड जातं ते आपण रोज बघतो. पट्टी तरी सरकते नाहीतर पेन्सिल तरी. मी स्वतः खेळून पाहिलं. मारिओ चालला की तारा थांबायचा, तारा हलवला की मारिओ खड्ड्यात.

दोघेजण खेळतात तेव्हा दुसऱ्याकडे फक्त तारा असतो. त्याला पडद्यावर शरीर नाही, त्यामुळे तो मरतही नाही. पण तो खडे गोळा करतो आणि ते दोघांच्या मिळून एकाच हिशेबात जातात. अंगावर येणाऱ्या शत्रूवर तारा ठेवून बटण दाबलं की तो शत्रू जागच्या जागी थांबतो. इतकंच काय, तारा मारिओवरच ठेवून बटण दाबलं तर मारिओ उडी मारतो!

या शेवटच्या गोष्टीने आमच्या घरात महाभारत झालं. भाचा अगदी कडेवर उभा, आणि मुलीने टुचुक करून बटण दाबलं. मारिओ गेला अंतराळात. भाचा ओरडला, "आत्या, हिला सांग ना!" मी म्हटलं, मी कशाला सांगू, तूच सांग तिला. आणि मग पहिल्यांदा तो तिच्याशी खेळाबद्दल बोलला. आता दाबू नकोस, मी तीन म्हटल्यावर दाब, तो चेंडूसारखा येतोय ना त्याला धर, मी पलीकडे जातो. दोन दिवस आधी ज्याने तिला बंद रिमोट दिला होता, तोच आता तिला विनवत होता.

माझं मत असं आहे, आणि ते मी ठामपणे मांडते. त्या मुलीला खेळात खरी जागा मिळाली ती फक्त मदत करता आली म्हणून नाही, तर बिघडवताही आलं म्हणून. बंद रिमोटवर काही बिघडत नाही, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. आपण वर्गात लहान, मागे पडणाऱ्या, गप्प मुलांना जी कामं देतो ती बहुतेक बंद रिमोटसारखी असतात. गटकार्यात हुशार मुलगा लिहितो, दुसरी वाचते, आणि एक मूल तक्ता धरून उभं राहतं. आपण निरीक्षण नोंदीत लिहितो, गटकार्यात सहभाग घेतो. मीही लिहिलंय. तक्ता खाली पडला तरी कोणाचं काही अडत नाही हे त्या मुलाला माहीत असतं.

बोटाने दाखवणं ही काही साधी गोष्ट नाही, हे आपण डी.एड.ला बालमानसशास्त्रात शिकलोय. मूल बोलायच्या आधी, वर्षाच्या आसपास, बोट दाखवायला लागतं. ते नुसतं 'मला दे' नसतं, 'तू पण बघ' असंही असतं. पडद्यावरचा तो तारा म्हणजे लांब झालेलं बोटच. म्हणून पहिलीतल्या मुलीला ते शिकवावं लागलं नाही. याच गेममध्ये मारिओला गिरकी घ्यायला लावायची तर रिमोट झटकावा लागतो. ते मला नुसतं उगाच वाटतं, तिथे बटण चाललं असतं. पण रोखून दाखवणं हे हाताला आतूनच येतं.

आता विज्ञानाच्या शिक्षकांसाठी थोडी गंमत, कारण मला स्वतःला ती फार आवडली. टीव्हीवर एक पातळ पट्टी ठेवतात, तिला सेन्सर बार म्हणतात. नावावरून वाटतं तीच रिमोटला बघत असेल. उलट आहे! पट्टी काहीच बघत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त प्रकाश देणारे दिवे आहेत, बस. कॅमेरा रिमोटच्या तोंडाशी आहे. रिमोटला ते दोन ठिपके दिसतात, आणि ठिपके डावीकडे सरकले म्हणजे हात उजवीकडे गेला असा तो हिशेब करतो. ठिपके जवळ जवळ आले म्हणजे आपण लांब गेलो. दादाने पट्टी काढून तिथे दोन मेणबत्त्या लावून दाखवल्या, तारा पडद्यावर हजर! ज्योतीतही अवरक्त किरण असतातच. (हे मोठ्या माणसाने समोर राहूनच करावं, टीव्हीच्या अगदी जवळ मेणबत्ती नको.) आणि दुपारी खिडकीतून ऊन आलं की तारा वेड्यासारखा पळायचा, त्याचंही कारण तेच.

हाच गेम पुढे २०२० साली स्विच या नव्या यंत्रावर आला. तिथे पट्टी नाही. हातातला कंट्रोलर आपण किती वळलो एवढंच आतल्या जायरोस्कोपने मोजतो, बाहेर बघत नाही. त्यामुळे थोड्या वेळाने तारा हळूहळू भलतीकडे सरकतो आणि एक बटण दाबून त्याला परत मध्यावर आणावं लागतं.

हा फरक मी जूनमध्ये मैदानावर चौथीच्या मुलांना करून दाखवला. साहित्य शून्य. एकाला ध्वजस्तंभाकडे तोंड करून उभं केलं, डोळ्याला रुमाल बांधला. मग बाकीच्यांनी सूचना दिल्या, उजवीकडे वळ, अर्धा वळ, डावीकडे, परत डावीकडे. सात-आठ वळणांनंतर म्हटलं, दाखव ध्वजस्तंभ. त्याने अगदी आत्मविश्वासाने शाळेच्या टाकीकडे बोट केलं. सगळे लोळून हसले. प्रत्येक वळणात थोडी थोडी चूक झाली आणि ती साठत गेली. रुमाल काढून एकदा स्तंभ बघितला की चूक शून्य. दिशा, कोन, मापनातली चूक, सगळं एका तासात झालं. करून बघा.

आता वर्गाबद्दल. आमच्या शाळेत लोकवर्गणीतून मिळालेला टीव्ही आणि लॅपटॉप आहे. डिजिटल वर्ग म्हणतात त्याला. खरं चित्र असं असतं की माउस एकाच्या हातात आणि बाकी सगळे प्रेक्षक. मी काय केलं, माउसवाल्या मुलाला नकाशाकडे स्वतःहून काही करायला बंदी. दुसऱ्या मुलाच्या हातात छडी दिली. (शिक्षण हक्क कायद्यानंतर कपाटावर धूळ खात पडलेली, तिला निदान काम मिळालं.) छडीवाला जिथे दाखवेल तिथेच माउस जाणार आणि बोलायचं नाही. प्रश्न बाकीचा वर्ग विचारणार. महाराष्ट्राचा जिल्ह्यांचा नकाशा होता. छडी चुकली तर गटाचा गुण जाणार, म्हणजे गेम बिघडवायची ताकद छडीवाल्याकडे.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला, ते लपवत नाही. दोघांनी छडीची तलवार केली. शेजारच्या वर्गातल्या सरांनी डोकावून विचारलं, "मॅडम, काय चाललंय?" तिसऱ्या दिवसापासून जरा बसलं.

आमचा भाग उसाचा आहे. हंगामात बीडकडची ऊसतोड करणारी कुटुंबं येतात आणि काही मुलं चार-पाच महिने आमच्या वर्गात बसतात. एक मुलगी गेल्या हंगामानंतर इथेच आजीपाशी राहिली. ती वर्गात जवळजवळ बोलतच नाही. तिच्या हातात छडी आली, कोणीतरी विचारलं, बीड? तिने क्षणात दाखवलं. मग कोणीही न विचारता छडी तशीच खाली सरकत सरकत आमच्या जिल्ह्यापर्यंत आणली. माउस तिच्यामागे गेला. वर्ग एकदम शांत होता. नंतर एकाने विचारलं, "एवढं लांब येता तुम्ही?" तिने मान हलवली. पुढचे दोन तास मुलं तिलाच रस्ता विचारत होती.

म्हणून मी गेमचा जयजयकार करतेय असं समजू नका. त्या गेमने माझ्या मुलीला गणित शिकवलं नाही, अक्षरही सुधारलं नाही. रोज अर्धा तास हा नियम आमच्याकडे होता आणि तो पाळताना रोज भांडण झालं. आणि त्या दुसऱ्या रिमोटमध्येही एक खोट आहे, ती मला मुलीनेच दाखवली.

दोन आठवडे ती तारा फिरवत होती. खडे गोळा करण्यात भाच्यापेक्षा सरस झाली होती. एका संध्याकाळी म्हणाली, "आई, मी मारिओ कधी होणार?" मी म्हटलं, अगं, तुझ्याशिवाय दादाचं पान हलत नाही. ती म्हणाली, "हो, पण मी कधी?" मला उत्तर आलं नाही. माझ्या वर्गात छडीवाली मुलगी कायम छडीवालीच राहिली असती तर तोही एक नवीन तक्ताच झाला असता. २०१० साली आलेल्या गॅलेक्सीच्या दुसऱ्या भागात दुसऱ्या खेळाडूला निदान एक छोटं तारकाबाळ दिलंय, वस्तू उचलून आणणारं. पण मारिओ तो पहिल्याचाच. वर्गात मात्र अदलाबदल आपल्या हातात आहे. मी आता दर तासाला दोघांच्या वस्तू बदलते, आणि माउस आधी गप्प मुलाच्या हातात देते.

घरी काय झालं ते सांगते. दुसऱ्या दिवशी नंचक मुलीच्या हातात दिला. भाचा कुरकुरत दुसरा रिमोट घेऊन बसला. पहिल्याच ग्रहावर ती अकरा वेळा मेली, मी मोजलं. भाचा कंटाळून जांभया द्यायला लागला, तारा पडद्याच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. बारावीच्या वेळी ती त्याच्याकडे न बघता ओरडली, "दादा, झोपलास काय? त्याला धर ना, मी पलीकडे जातेय!"