आधी नोंद, मग मीटर

जबलपूरच्या रामपूर भागातील शक्ती भवनातून मध्य प्रदेशच्या विजेचा कारभार चालतो. वीजनिर्मिती, पारेषण, वीजखरेदी आणि राज्याच्या पूर्व भागातील वितरण या कामांच्या कंपन्यांची मुख्यालये तिथेच आहेत. राज्य भारप्रेषण केंद्रही याच शहरात आहे. कोणत्या उच्चदाब वाहिनीतून या घडीला किती वीज वाहते, हे त्या केंद्राच्या पडद्यावर दिसते. तीच वीज एखाद्या वस्तीतल्या रोहित्रापर्यंत पोहोचली की मात्र पुढे ती कोणाकडे, किती गेली याचा हिशेब धूसर होतो. स्मार्ट मीटरवर देशभर प्रचंड पैसा ओतला जात असताना ही धूसरता आधी हटली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे दुखणे जुने आहे. मध्य प्रदेश विद्युत मंडळाचे विभाजन करून २००१-०२ मध्ये कंपन्या स्थापन झाल्या आणि जून २००५ पासून त्या स्वतंत्रपणे काम करू लागल्या. महाराष्ट्रातले मंडळही त्याच महिन्यात विभागले गेले. कंपन्या नव्या झाल्या, नोंदी जुन्याच राहिल्या. २००८ मध्ये केंद्र सरकारने सुधारित वीज विकास कार्यक्रम आणला. त्याच्या पहिल्या भागासाठी १०,००० कोटी रुपये ठेवले होते, ते मुख्यतः नोंदी आणि संगणकीकरणासाठी. प्रत्येक ग्राहक कोणत्या रोहित्राला आणि कोणत्या फिडरला जोडलेला आहे, याचा नकाशा त्यातून तयार व्हायचा होता.

असा नकाशा एकदा करून भागत नाही. उन्हाळ्यात एका रोहित्रावर भार वाढतो, लाइनमन रात्री चार-दोन गल्ल्या शेजारच्या रोहित्रावर जोडतो आणि वस्तीला दिलासा मिळतो. हा बदल संगणकात पोहोचला नाही, तर पहिल्या रोहित्रावर पुरवठ्यापेक्षा विक्री जास्त दिसते आणि दुसऱ्यावर चोरी. मग भरारी पथक भलत्याच मोहल्ल्यात जाते आणि खरी गळती तशीच राहते. यात लाइनमनला दोष देता येत नाही. नोंद करण्याचे साधन आणि वेळ त्याला कोणी दिलेला नाही.

शेतीपंपांच्या बाबतीत तर अंदाजावरच मदार आहे. मध्य प्रदेशात बिनमीटरच्या पंपांना अश्वशक्तीनुसार ठोक दराने बिल येते आणि उरलेली रक्कम सरकार अनुदानातून भरते. न मोजलेल्या या विजेच्या आड कंपनीची गळती आणि चोरी दोन्ही लपू शकतात. महाराष्ट्रातही वीज नियामक आयोगाने नेमलेल्या कार्यगटाच्या अभ्यासात कृषिपंपांचा वापर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवला जात असल्याचे पुढे आले. बदनामी शेतकऱ्याची होते आणि भुर्दंड इतर ग्राहक व करदाते सोसतात.

घरगुती ग्राहकाचेही तेच. मध्य प्रदेशात गृहज्योती योजनेची सवलत महिन्याला १५० युनिटपर्यंतच्या वापराला मिळते. रीडिंग अंदाजे टाकले, तर गरीब कुटुंबाची सवलत एका आकड्याने जाऊ शकते. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांनुसार अंदाजी बिल दोन बिलचक्रांहून अधिक चालू राहिले, तर प्रत्यक्ष वाचनाचे बिल येईपर्यंत पैसे न भरण्याचा हक्क ग्राहकाला आहे. किती ग्राहकांना तो ठाऊक आहे?

२०२१ मध्ये मंजूर झालेली पुनर्रचित वितरण योजना ३,०३,७५८ कोटींची आहे. २५ कोटी स्मार्ट मीटर बसवणे आणि तांत्रिक व व्यावसायिक हानी १२ ते १५ टक्क्यांवर आणणे, ही तिची उद्दिष्टे. जबलपूरची पूर्व क्षेत्र कंपनी हानीच्या या मर्यादेपासून दूर आहे. स्मार्ट मीटर दर १५ मिनिटांनी, म्हणजे दिवसाला ९६ वेळा, वापर नोंदवू शकतो. पण तो चुकीच्या रोहित्राच्या नावावर चढवला, तर तीच चूक दिवसाला ९६ वेळा साठत जाईल.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हाव्यात. नवी जोडणी, मीटरबदल किंवा भाराची अदलाबदल झाली की तिची नोंद झाल्याशिवाय काम पूर्ण मानू नये आणि त्यासाठी लाइनमनच्या हाती साधन द्यावे. रोहित्रांवर मीटर बसवून दर महिन्याला ताळा घ्यावा आणि फिडरनिहाय हानी लोकांसमोर मांडावी. आपली नोंद पाहण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा सोपा मार्ग ग्राहकाला असावा. घर कधी रिकामे असते हेही मीटरच्या आकड्यांतून कळते. म्हणून ही माहिती कोण पाहू शकतो, याचे कडक नियम हवेत. आणि माहितीची मालकी कंपनीकडेच राहावी. कंत्राटदार बदलला की नोंदी हरवल्या, असे होता कामा नये.

हे काम दिखाऊ नाही, त्याचे उद्घाटन होत नाही, म्हणून ते मागे पडते. मध्य प्रदेशच्या वीज नियामक आयोगाने ते पुढे आणावे. दरवाढीचा पुढचा प्रस्ताव समोर येईल, तेव्हा आयोगाने कंपनीकडे किती ग्राहकांची नोंद प्रत्यक्ष पडताळली आहे याचा हिशेब मागावा आणि तो मिळेपर्यंत हानीचा बोजा प्रामाणिक ग्राहकाच्या बिलावर टाकण्यास परवानगी देऊ नये.