किल्ली सापडली, पण कुठे?

इंग्लंडमधल्या एखाद्या नांगरलेल्या शेतात मेटल डिटेक्टर वाजतो, हौशी शोधक वीतभर माती उकरतो आणि हाताला हिरवा कळंक चढलेली, तांब्याच्या मिश्रधातूची बोटभर किल्ली लागते. १३व्या-१४व्या शतकातली. तिथल्या कायद्याच्या लेखी मात्र हा खजिना नव्हे. १९९६च्या ट्रेझर अ‍ॅक्टनुसार सुट्या वस्तूला तो मान हवा असेल, तर ती तीनशे वर्षांहून जुनी हवी आणि तिच्यात निदान १० टक्के सोने किंवा चांदी हवी. २०२३मध्ये व्याख्या थोडी सैल होऊन अपवादात्मक महत्त्वाच्या वस्तूही तीत आल्या. साधी किल्ली बाहेरच राहिली. धातूच्या भावाने इतिहास जोखायचा म्हटले की असेच होणार.

या किल्लीची दांडी आधी पाहावी. ती पोकळ असेल, तर कुलपात एक खुंटी होती आणि किल्ली त्या खुंटीवर बसत होती. असे कुलूप एकाच बाजूने उघडते, म्हणजे बहुधा पेटीचे किंवा फडताळाचे. दांडी भरीव असून तिचे टोक दात्यांच्या पुढे आलेले असेल, तर ती दोन्ही बाजूंनी चालणारी, म्हणजे दाराची. दात्यांमधल्या खाचा कुलपातल्या पत्र्यांना वाट देण्यासाठी कापलेल्या असतात. त्यामुळे कुलूप केव्हाच नष्ट झाले, तरी त्याच्या पोटातली रचना किल्लीवरून बरीचशी मांडता येते. लोखंडी किल्लीचा गंजून नुसता गोळा झालेला असतो; पण क्ष-किरणांखाली त्याच खाचा, पितळी डाख, कधी कथलाची कल्हईसुद्धा दिसते.

ती कोणाच्या घरची, कोणत्या पिढीतली, हे मात्र किल्ली एकटी सांगत नाही. ते माती सांगते. रशियातल्या नोव्हगोरोदमध्ये दलदलीमुळे लाकडी रस्ते कुजले नाहीत. जुना रस्ता चिखलात बुडाला की त्यावर नवे ओंडके अंथरायचे, असे १०व्या ते १५व्या शतकापर्यंत एकावर एक २८ थर साचले. ओंडक्यांच्या वलयांवरून प्रत्येक थराचे वर्ष काढता आले. त्या थरांतल्या कुलपांची आणि किल्ल्यांची घडण कशी बदलत गेली, याचा क्रम पुरातत्त्वज्ञ बोरिस कोल्चिन यांनी लावला. आता त्याच घडणीचे कुलूप रशियात दुसरीकडे निघाले, तर त्याच्यावरून तिथल्या थराचा काळ ठरवता येतो. एखाद्याने नोव्हगोरोदची कुलपे आधीच वेचून बाजारात नेली असती, तर हे काहीच हाती लागले नसते.

जागा सुटली की अर्थही भरकटतो. इंग्लंडचा राजा कनूट याच्या ११व्या शतकातल्या कायद्यात एक कलम आहे: नवऱ्याने चोरीचा माल घरात आणला, तर बायको निर्दोष, पण तो कोठार, पेटी किंवा कपाट यांपैकी तिच्या किल्लीखालच्या जागी सापडला, तर तीही दोषी. कमरेला जुडगा लावून कोठीघर सांभाळणाऱ्या सासवा पाहिलेल्या आपल्या समाजाला हे परके वाटू नये. अशाच समजुतीतून व्हायकिंग काळातल्या कबरीत किल्ली दिसली की ती घरधनिणीची, असे वर्षानुवर्षे लिहिले गेले. कबरी पुन्हा मोजल्यावर किल्ली असलेल्या स्त्रिया थोड्याच निघाल्या, आणि काही किल्ल्या पुरुषांजवळ होत्या. दुरुस्ती शक्य झाली, कारण कोणती वस्तू कोणत्या कबरीतली याची नोंद होती.

ब्रिटिशांनी यावर काढलेला तोडगा व्यवहारी आहे. १९९७पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये सापडलेली वस्तू स्वेच्छेने दाखवता येते. अधिकारी तिचे मोजमाप, छायाचित्र आणि नेमकी जागा टिपून घेतात आणि खजिन्यात न मोडणारी वस्तू परत देतात. पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची अशी नोंद झाली आहे. नांगराखाली आलेल्या मातीत थर उरलेला नसतो हे खरे, पण निदान शेत तरी कळते.

आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. म्हणजे इथेही मोजमाप किमतीचेच. संरक्षित किल्ल्यावर विनापरवाना खोदणे गुन्हा आहे आणि तो राहावाच. प्रश्न विहिरीच्या कामात, शेतात, वाडा पाडताना आपोआप वर येणाऱ्या कडी-कोयंड्यांचा, कुलपांचा आहे. त्यांच्यासाठी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने मराठीत एक पानी अर्ज द्यावा: गाव, गट क्रमांक, खोली, छायाचित्र. वस्तू जप्त होणार नाही, असे त्यावर ठळक लिहावे. नाहीतर तो अर्ज कोणी भरणार नाही.