वाचायचं राहिलेलं एआयला जोडा, पण तारीख बघून



मागच्या व्हिडिओत आपण 'नंतर वाचू' म्हणून लेख साठवायचं ॲप एआय असिस्टंटला कसं जोडायचं ते बघितलं. तो बघून बऱ्याच जणांचा समज झालेला दिसतोय की आता वाचायची कटकटच संपली, एआय वाचेल आणि आपण फक्त विचारायचं. मला हे पटत नाही. जोडणी कामाची आहे, मी स्वतः वापरतो. पण ज्याच्या यादीत कचरा आहे, त्याला एआय तोच कचरा छान ताटात वाढून देतो.

आधी फायदा सांगतो. आपल्यातले निम्मे लोक व्हॉट्सॲपवर स्वतःलाच लिंक पाठवून ठेवतात. महिन्याभरानं ती लिंक लग्नाच्या फोटोंखाली गाडली जाते. इन्स्टापेपर, रेनड्रॉप, रीडवाइज रीडर असल्या सेवा हेच काम नीट करतात. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीनं 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची खुली पद्धत आणली, तेव्हापासून अशी ॲप एआयला जोडणं सोपं झालंय. कुठल्याही कंपनीच्या सिलिंडरला एकच रेग्युलेटर बसावा, तसं समजा.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, तेव्हा चपलेच्या धंद्यातल्या कितीतरी जणांनी पन्नासेक लिंका साठवल्या असतील. आता त्यांच्यातला एखादा विचारू शकतो, "माझ्या लेखांत जीआयबद्दल काय काय आहे? आपली चप्पल त्यात बसते का?" उत्तर मिनिटात मिळतं: नोंदणी २०१९ ची, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. हे शोधायला अख्खा रविवार गेला असता. इथपर्यंत लै भारी.

आता गंमत बघा. त्याच माणसानं विचारलं, "चपलेवर जीएसटी किती?" त्याच्या यादीत तीन लेख आहेत. २०२१ च्या लेखात हजार रुपयांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के. २०२३ च्या लेखात १२ टक्के, कारण १ जानेवारी २०२२ पासून दर वाढला होता. आणि तिसरा २२ सप्टेंबर २०२५ नंतरचा, त्यात अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के. तिन्ही लेख आपापल्या दिवशी खरे होते! एआयनं त्यातला मधला उचलला, तर तो त्याच ठामपणे सांगणार की हजाराच्या वरच्या जोडाला १८ टक्के.

समजा जोड १८०० रुपयांचा आहे. १८ टक्क्यांनी कर ३२४ रुपये, ५ टक्क्यांनी ९०. एका जोडामागं २३४ रुपयांचा फरक. शंभर जोडांचं कोटेशन पाठवलंत, तर ऑर्डर शेजारच्याला गेली आणि का गेली ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही. उद्यमच्या मर्यादांचंही तसंच. सूक्ष्म उद्योगाची उलाढाल मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ५ कोटींवरून १० कोटी झाली, पण जुने लेख नेटवर आणि तुमच्या यादीत तसेच आहेत.

म्हणून माझा आग्रह असा: कर, अनुदान, परवाना यांचा लेख साठवताना त्याच क्षणी शीर्षकात महिना आणि वर्ष टाका. दहा सेकंदांचं काम आहे. नियम बदलला की जुना लेख यादीतून काढा. विचारताना "प्रत्येक मुद्द्यापुढं लेखाचं नाव आणि तारीख दे" असं सांगा, आणि पैशाचा आकडा असेल तर तो लेख स्वतः उघडून बघा, मूळ अधिसूचना किंवा सीएला विचारल्याशिवाय कोटेशनमध्ये टाकू नका. एवढं वाचन तुमच्याच वाट्याचं आहे, ते कुणी करणार नाही.

मराठी वाचणाऱ्यांची आणखी एक अडचण. ई-पेपरचं कात्रण हा फोटो असतो, कितीतरी जीआर स्कॅन केलेले असतात. पैसे भरून वाचायच्या बातमीच्या फक्त पहिल्या दोन ओळी साठतात. यादीत नाव दिसतं, आत मजकूर नसतो, आणि एआय त्या दोन ओळींवरून पुढचं रचून सांगू शकतो. साठवल्यावर एकदा उघडून बघायची सवय लावा.

परवानगी देताना फक्त 'वाचणे' द्या. लेखात लपवलेल्या सूचनासुद्धा एआय पाळू शकतो, त्यामुळं त्याच असिस्टंटला ईमेल पाठवायचा किंवा बँकेचा हक्क देऊन ठेवू नका. हा भाग व्हिडिओत घाईत झाला, चूक माझी.

आणि खर्च? रीडवाइजला दरमहा डॉलरमध्ये पैसे जातात. सुरुवातीला गरज नाही. गुगलचं नोटबुकएलएम फुकट आहे, फुकट खात्यात एका वहीत ५० स्रोत बसतात आणि उत्तर कुठून आलं तेही दाखवतं. पन्नासपेक्षा जास्त कामाचे लेख जमले, तर मग जोडणीचं बघा. मला तर वाटतं यादी साफ केल्यावर बऱ्याच जणांचे तीस पण उरणार नाहीत.

शिवाय यादीची एक प्रत आपल्याकडं असू द्या. पॉकेट हे या प्रकारातलं जुनं ॲप, २००७ पासूनचं. २०१७ मध्ये मोझिलानं ते घेतलं आणि ८ जुलै २०२५ ला बंद केलं. यादी उतरवून घ्यायला थोडी मुदत होती, ज्यांनी ती चुकवली त्यांचं वर्षानुवर्षांचं साठवलेलं गेलं. तुमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये 'एक्सपोर्ट' शोधा आणि ती फाईल आजच पेनड्राइव्हवर टाका.