शपथ एकदाच घेतात

सरकारी कार्यालयात वर्षभरात किती शपथा होतात, ते एकदा मोजून पाहा. २५ जानेवारीला मतदार दिनाची, २१ मेला दहशतवादविरोधी दिनाची, २० ऑगस्टला सद्भावनेची, २ ऑक्टोबरच्या आसपास स्वच्छतेची, ३१ ऑक्टोबरला एकतेची आणि त्याच सुमारास दक्षता सप्ताहातली सचोटीची. ही शेवटची तर संगणकावर बटण दाबून घेता येते आणि लगेच नावासकट प्रमाणपत्रही मिळतं. या उपक्रमांवर टीका करणं माझ्या गणवेशात बसत नाही, आणि त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती शब्दाबद्दल. शब्दाबद्दल तक्रार करायला वरिष्ठांची परवानगी लागत नाही, असं मी धरून चालतो.

बंगळुरूत एमईजी आहे, एएससी आहे, पॅराचं ट्रेनिंग सेंटर आहे, सीएमपी आहे. इथे वर्षातून अनेकदा कसम परेड होते. पोरं महिनोन्‌महिने घाम गाळतात आणि मग एका सकाळी धर्मग्रंथावर किंवा तिरंग्यावर हात ठेवून बोलतात. पंडितजी, मौलवी साहेब, ग्रंथी साहेब, पाद्री एका रांगेत उभे असतात. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम १७ मध्ये या शपथेत काय असावं ते लिहिलं आहे: संविधानावर निष्ठा, जमीन, समुद्र किंवा हवेतून जिथे पाठवतील तिथे जाणं, आणि प्राणावर बेतलं तरी हुकूम पाळणं. ही शपथ दरवर्षी नवी करावी लागत नाही. रोज सकाळी फॉलइनमध्ये सुभेदार साहेब पुन्हा वदवून घेत नाहीत. ती घेतली, ती लागली.

याच ‘लागण्या’चा सर्वांत बारीक विचार मला जिथे सापडला, ती जागा अनेकांना दूरची वाटेल: ज्यूंचं धर्मशास्त्र. पण ती तितकी दूर नाही. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्राएल मराठीच बोलत. एनडीएचे कमांडंट राहिलेले ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन याच समाजाचे.

हिब्रूत आपल्या ‘शपथे’साठी एक शब्द नाही, चार-पाच आहेत. पहिला नेदेर. तो म्हणजे सरळ आपला नवस. नेदेर वस्तूवर बसतो: हे बकरं देवाचं, हे अन्न मला वर्ज्य. दुसरा शेवुआ, म्हणजे खरी शपथ. ती माणसावर बसते: मी हे करीन, मी हे करणार नाही. शेवुआचं नातं ‘शेवा’ म्हणजे सात या आकड्याशी जोडतात. अब्राहामाने सात मेंढ्या देऊन करार केला, त्या जागेचं नाव बैर-शेबा. तिसरा इस्सार, म्हणजे स्वतःला बांधून घेणं. कैद्यालाही हिब्रूत याच धातूचा शब्द आहे.

कैद्यावरून आठवलं. सॅम्युएल एझिकेल दिवेकर हा बेने इस्राएल शिपाईगडी कंपनीच्या मुंबई फौजेत अंमलदार होता. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत पडला. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण मी हे लिहितोय तिथून सव्वाशे किलोमीटरवर आहे. टिपूच्या आईच्या शब्दामुळे त्याचा जीव वाचला, असं समाजात सांगतात. जिवंत परतलो तर प्रार्थनालय बांधीन, असा नवस त्याने केला होता. तो परतला, आणि १७९६ साली मुंबईत मांडवीला ‘शाआर हारहामीम’ उभं राहिलं. बेने इस्राएल लोक प्रार्थनालयाला मशीदच म्हणत. हार्बर लाइनवरच्या मस्जिद स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं, असं मानतात. शेजारच्या रस्त्याला सॅम्युएलचं नाव मिळालं. रोज लाखो लोक त्या स्टेशनवरून जातात. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की एका कैदी मराठी सैनिकाने फेडलेल्या नवसाची ती खूण आहे?

दिवेकरांनी प्रमाणपत्र घेतलं नाही. पदरचे पैसे घातले आणि इमारत उभी केली.

चौथा शब्द ‘आला’. ही शापाची आण, आणि सैनिकांनी नीट समजून घ्यावा असा शब्द हाच. आपल्या मराठीतही आण स्वतःपुरती नसते, ती दुसऱ्याला घालता येते. बेलभंडार उचलायला लावणारे आपले पूर्वज हे पक्कं जाणत होते. शौल राजाने ऐन लढाईत आपल्या सैन्याला अशी आण घातली: संध्याकाळपर्यंत जो अन्नाला शिवेल तो शापित. सैन्य उपाशी लढलं आणि गळून गेलं. राजाचा मुलगा योनाथान याला आण ठाऊक नव्हती, त्याने वाटेत मध चाखला. राजा पोटच्या पोराला मारायला निघाला तेव्हा त्याला अडवलं ते शिपायांनी. कोणत्याही स्टाफ कॉलेजात शिकवावी अशी ही केस आहे. सेनापतीने आपल्या भावनेच्या भरात दुसऱ्यांच्या पोटावर शपथ लादली, आणि तिची किंमत त्याच्याऐवजी दुसरेच मोजत राहिले.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माजी सैनिकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर, नाव सांगत नाही, मध्यंतरी एक मजकूर फिरला. ‘सैनिक म्हणून शपथ घ्या’ अशी सुरुवात. पुढे, एका विशिष्ट समाजाच्या दुकानातून काहीही घेणार नाही. खाली रँक आणि नाव लिहून पुढे पाठवा. लिहिणाऱ्यांत मला ज्यांचा आदर आहे असे लोक होते. म्हणूनच हा लेख.

बाराव्या शतकात मैमोनिडीसने व्यर्थ शपथांचे, ‘शेवुअत शाव’चे, चार प्रकार मांडले. दगडाचा खांब सोन्याचा आहे अशी शपथ व्यर्थ. दगड दगडच आहे अशी शपथही व्यर्थ. तीन दिवस झोपणार नाही अशी न जमणारी शपथ व्यर्थ. आणि आधीच बांधील असलेली आज्ञा मोडण्याची शपथ, तीही व्यर्थ. या शेवटच्यामागचं तालमूदचं कारण फार नेटकं आहे: सिनाय पर्वताशी तुम्ही आधीच शपथ घेऊन बसला आहात, तिच्या विरुद्ध दुसरी शपथ लागूच होत नाही.

वीरहो, आपला सिनाय म्हणजे ती कसम परेड. तिथे आपण निष्ठा दिली ती संविधानाला, आणि त्या संविधानात धर्मावरून भेद नाही. ज्या रांगेत मौलवी साहेब उभे होते त्याच रांगेसमोर आपण बोललो. त्याच्या विरुद्ध जाणारी शपथ ‘सैनिक म्हणून’ घेताच येत नाही. कुणाच्या दुकानात जायचं हा तुमचा खासगी प्रश्न. मला पटत नसलं तरी तो तुमचा आहे. पण त्याला रँक जोडू नका.

यावर मित्र म्हणतात, शपथ पुन्हा पुन्हा घेतल्याने निश्चय पक्का होतो. तालमूदनेही हे मान्य केलं आहे: चांगल्या कामासाठी स्वतःला टोचणी म्हणून शपथ चालते. माझा त्याला विरोध नाही. दारू सोडायची आहे? जरूर शपथ घ्या. पण ती टोचणी स्वतःला असते, पाचशे जणांना फॉरवर्ड करायला नसते.

दुसरा आक्षेप जास्त भावनिक आहे: निवृत्त झालो तरी शपथ संपत नाही. ऐकायला छान वाटतं, छातीही फुगते. पण कायद्याने डिस्चार्जबरोबर आर्मी ॲक्टचं बंधन सुटतं. हुकूम देणारा कुणी उरत नाही. उरते ती संविधानावरची निष्ठा, आणि ती तर कलम ५१-क प्रमाणे भाजीवाल्यापासून सगळ्यांचं कर्तव्य आहे. म्हणजे शपथ संपली असेल तर सैनिक म्हणून नवी घ्यायचा अधिकार नाही, आणि संपली नसेल तर विरुद्ध घ्यायचा अधिकार नाही. दोन्हींकडून तो मजकूर बसतो.

ज्यांनी उत्साहाच्या भरात नाव लिहिलं, त्यांच्यासाठीही या शास्त्रात सोय आहे. इफ्ताह नावाच्या सेनापतीने विजयासाठी नवस केला: घरातून जे पहिलं सामोरं येईल ते अर्पण. सामोरी आली एकुलती एक मुलगी. नवस सोडवून घेता आला असता. पण ज्यू परंपरा सांगते की याजक म्हणाला, मी मोठा, मी कशाला जाऊ. आणि सेनापती म्हणाला, मी मोठा, मी कशाला जाऊ. प्रोटोकॉलमध्ये पोरगी गेली. एरवी नवस सोडवायला धर्मगुरूच लागतो असंही नाही. तीन शहाणी माणसं समोर बसवायची आणि सांगायचं, तेव्हा हा विचार माझ्या लक्षात आला नव्हता.

मी शनिवारी मोकळा असतो. आणखी दोघांना तुम्ही आणा. फिल्टर कॉफी माझ्याकडून.