दिवा लागला, पण खूण कळली का?

मराठी विषय घेतलेल्या विद्यार्थिनीने मोटारसायकलच्या दिव्यांवर लेख लिहावा, हे काहींना विचित्र वाटेल. वार्षिक अंकात कविता शोभते, प्रवासवर्णन शोभते, हुंड्याच्या प्रश्नावरील लेखही शोभतो. पण इंडिकेटर, फ्लॅशर, बॅटरी ही गॅरेजमधली भाषा इथे कशाला? मित्रमैत्रिणींनो, या भाषेतले एक साधे अक्षर आम्हांला वाचता आले नाही, म्हणून गेल्या हिवाळ्यात माझे शिक्षण सुटता सुटता राहिले. तेव्हा हा लेखनप्रपंच.

आमची वस्ती लासुर्ण्याच्या बाजूला, बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. संध्याकाळी एस. टी. तून उतरले, की आबा आपली जुनी मोटारसायकल घेऊन उभे असत. त्या गाडीची बॅटरी बसली होती. इंडिकेटरचे बटण दाबले तर दिवे नुसते तांबूस होत. नवी बॅटरी घ्यायला हातात पैसे नव्हते. कोणीतरी सुचवले, "एलईडी टाका, बॅटरी कशीही असू द्या, लख्ख लागतील." आबांनी गॅरेजमध्ये चारही बल्ब बदलून घेतले. दिवे खरोखरच लख्ख लागले. मात्र ते लुकलुकेनात, एकसारखे जळत राहिले. मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "ताई, दिवा लागतोय ना? मग झालं तर!"

आठच दिवसांनी तिन्हीसांजेला आबा वस्तीच्या रस्त्याकडे उजवीकडे वळत होते. पूर्वी ते वळताना हात बाहेर काढीत. आता दिवा आहे म्हणून हात काढला नाही. मागून येणारी पिकअप गाडी उजवीकडूनच पुढे निघाली होती. त्या ड्रायव्हरने नंतर सांगितले, "दिवा दिसला हो, पण तो लुकलुकत नव्हता. मला वाटलं, शोभेचा असेल." मी त्या दिवशी मागे बसलेली नव्हते. आबांचा पाय दोन महिने प्लास्टरमध्ये राहिला, रोजगार बुडाला, आणि "पोरीचं कॉलेज आता पुरे" अशी कुजबूज घरात सुरू झाली. आबांनी ती ऐकून घेतली नाही, एवढेच माझे भाग्य.

त्या दोन महिन्यांत मी विचारत फिरले, आणि जे समजले ते इथे देते.

साधारणतः मोटारसायकलच्या इंडिकेटरचा एक बल्ब बारा व्होल्टचा, दहा वॅटचा असतो. एका बाजूचे पुढचा आणि मागचा मिळून वीस वॅट, म्हणजे सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह. जुन्या पद्धतीच्या एका फ्लॅशरमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. या प्रवाहाने ती तापते, वाकते आणि जोड तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळते. यालाच आपण लुकलुकणे म्हणतो. एलईडी मात्र एक-दोन वॅटवरच जळतो. पट्टी पुरेशी तापतच नाही, म्हणून दिवा स्थिर राहतो. दुसऱ्या प्रकारच्या फ्लॅशरमध्ये याच्या उलट होते आणि दिवा भराभर फडफडू लागतो. काही गाड्यांत डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंसाठी मीटरवर एकच छोटा दिवा असतो. एलईडीला इतका थोडा प्रवाह पुरतो, की त्या दिव्यातून पलीकडे गेलेल्या प्रवाहावर दुसरी बाजूही लुकलुकते. मग मागच्याने कोणती बाजू धरायची?

यावर कोणी रोधक जोडून देतात. तो खोटा भार उभा करतो आणि स्वतः तापत बसतो. वीज वाचवायची म्हणून एलईडी घ्यायचा आणि वाचलेली वीज रोधकात जाळायची, ही कसली बचत? खरा उपाय म्हणजे भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर. आमच्या गाडीला तो दोनशे रुपयांच्या आत बसला. आबांच्या दोन महिन्यांच्या मजुरीपुढे ही रक्कम कितीशी?

याचा अर्थ एलईडी वाईट, असा मुळीच नाही. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोष दिव्याचा नाही, अर्धवट बदलाचा आहे. साध्या बल्बची तार चहूकडे प्रकाश फेकते आणि इंडिकेटरची काच त्याच हिशेबाने घडवलेली असते. एलईडी बहुधा एकाच दिशेला प्रकाश टाकतो. त्यामुळे समोरून डोळे दिपवणारा दिवा बाजूने पाहणाऱ्याला दिसतही नाही. त्यातून आमची काही मुले निळे-पांढरे दिवे लावतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे इंडिकेटरचा रंग पिवळसर नारिंगी हवा आणि मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा तो लुकलुकला पाहिजे. हा केवळ सरकारी हट्ट नव्हे. खूण ही भाषा आहे, आणि दोघांना सारखाच अर्थ कळतो तोवरच ती भाषा राहते. शब्दांचे अर्थ मनाला येतील तसे बदलले तर संभाषण थांबते. रस्त्यावर माणूस थांबतो.

कोणी म्हणेल, गळीत हंगामात मागे एकही दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या याच रस्त्याने जातात. तिथे इंडिकेटरचे काय घेऊन बसलात? आक्षेप खरा आहे. त्या ट्रॉल्यांना दिवे आणि चमकपट्ट्या लागल्याच पाहिजेत. पण दुसरा मुका आहे म्हणून आपण बोबडे बोलावे, हा न्याय कुठला?

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होतात. त्याच गावात शिकणाऱ्या आपणांस दिवा का लुकलुकतो हे ठाऊक नसावे, आणि 'आम्ही कला शाखेचे' म्हणून आपण हात झटकावेत, हे मला पटत नाही. आमच्यासारख्या घरांतून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलांवर तर ही जबाबदारी अधिक आहे. घरातल्या माणसांनी "झालं तर" एवढ्यावर समाधान मानले, कारण पुढचा प्रश्न विचारायला त्यांना कोणी शिकवले नाही. मीही एकदाच विचारले आणि गप्प बसले. ती चूक माझी होती.

म्हणून एवढीच विनंती. हा अंक मिटून गाडीपाशी जाल तेव्हा इंडिकेटरचे बटण दाबा, मागे जाऊन उभे राहा आणि घड्याळ लावून मोजा. मग दोन पावले बाजूला सरकून पुन्हा पाहा. घरी वडिलांची, भावाची गाडी असेल तर तीही तपासा. आबांची गाडी आता नीट लुकलुकते. तरीही वळताना ते हात दाखवतात, आणि मी मागे बसून एकदा वळून पाहते.

(द्वितीय वर्ष, कला)